नोकरी सुटली, पालकत्व सुटत नाही

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत केवळ भातशेतीवर घर चालत नाही. म्हणून येथील तरुण पहाटेची लोकल धरून ठाणे-मुंबई गाठतो, किंवा खोपोली-रसायनी पट्ट्यात ठेकेदाराच्या हाताखाली उभा राहतो. हा रोजगार किती ठिसूळ असतो, याचा अनुभव या परिसराने घेतलेला आहे. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा रसायनी येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे लोकल थांबली आणि असंख्य घरांतील चूल मंदावली. एकत्र नांदणारे कुटुंब असा आघात मिळून सोसते. जे घर आधीच दुभंगलेले असते, तेथे मात्र पहिला घाव मुलाच्या पोटगीवर पडतो. ‘मलाच काम नाही, मी कोठून देऊ?’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते.

या वाक्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिले, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातलेच होते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५ हजार रुपये आणि लहान मुलाला प्रथम ५ हजार व पुढे १० हजार रुपये तात्पुरती पोटगी मंजूर केली होती. पतीने उच्च न्यायालयात व तेथून दिल्लीत दाद मागितली. आपण सध्या बेरोजगार आहोत, असे त्याचे म्हणणे होते. परंतु मुलाच्या रकमेला आपला विरोध नाही, हेही त्याने नमूद केले. पतिपत्नींचे भांडण कितीही विकोपाला गेले तरी मुलाचा घास त्यातून वेगळा काढता येतो, हे त्या एका वाक्याने दाखवून दिले.

न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांनी पोटगीचा आदेश कायम ठेवला. धडधाकट, कमावण्यास समर्थ असलेल्या पुरुषाला ‘उत्पन्न नाही’ एवढ्या सबबीवर जबाबदारीतून मोकळे होता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, देणी व खर्च शपथपत्रावर उघड करावेत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजावी, असे निर्देशही दिले. आई पुरेशी कमावती असेल, तर मुलांच्या शिक्षणाचा खर्च दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून घ्यावा, असेही या निकालात म्हटले आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने १९५६ पासूनच अपत्याच्या निर्वाहाचे दायित्व हिंदू पुरुष व स्त्री या दोघांवर ठेवलेले आहे. हे निर्देश पाळले जात नाहीत, याचे स्मरण सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा करून द्यावे लागले, ही मात्र खेदाची गोष्ट होय.

शपथपत्राचे महत्त्व कर्जत-खालापूरसारख्या भागात विशेष आहे. येथे अनेकांची कमाई रोखीत होते, पगाराची चिठ्ठी हाती येत नाही. नोकरी नाही असे सांगणाऱ्याच्या नावावर जमीन असू शकते, भाड्याने दिलेली गाडी असू शकते. असे लपवणारा पत्नीपेक्षा स्वतःच्या मुलाला अधिक फसवतो.

पण प्रत्येक बेकार बाप लबाड असतो, असे मानणेही अन्यायाचे ठरेल. ज्याचा रोजगार खरोखरच बुडाला, त्याला कायद्याने वाट ठेवली आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली, आणि परिस्थिती बदलल्यास रक्कम बदलून घेण्याची तरतूद कलम १४६ मध्ये आहे. अनेकजण हा अर्ज न करता पैसे देणेच थांबवतात. थकबाकी चढत जाते, वॉरंट निघते, प्रसंगी तुरुंगवासही घडतो. तुरुंगात कमाई होत नाही आणि तेथे दिवस काढल्याने थकबाकीही फिटत नाही. मुलाच्या शाळेची फी तशीच राहते. बेकारीने रक्कम कमी होऊ शकेल, कर्तव्य कमी होत नाही. दहा हजार देणे अशक्य झाले, तर तसे न्यायालयाला सांगावे आणि तोवर जमेल तेवढे देत राहावे.

पोटगी थांबली म्हणून बापाला मुलाची भेट नाकारणे आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी अडवणे, हे दोन्ही व्यवहार सारखेच निंद्य आहेत. मूल म्हणजे तारण ठेवलेला दागिना नव्हे.

येथे समाजाचे काम सुरू होते. स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, ही साधी माहितीही अनेक घरांत पोहोचलेली नाही. वाडीवस्तीवर सहज वावरणाऱ्या कार्यकर्त्याने ती पोहोचवावी. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाच्या मिळकतीवर पांघरूण घालण्याऐवजी नातवाच्या ताटाची चौकशी करावी. बेकार झालेल्या बापाला चार ओळखींतून काम मिळवून देणे, हाही त्या मुलाच्या निर्वाहाचाच भाग आहे. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाची परीक्षा सुखी घरांत होत नसते. ती मोडलेल्या घरातील मुलाच्या भरल्या किंवा रित्या ताटात होते.