विमुक्त म्हणजे कोण?

मुलांनो, वर्गात कुणाचा कंपास हरवला की पहिला संशय कुणावर जातो? मनातल्या मनातच सांगा.

आपल्या सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे ना, तिथं इंग्रजांच्या काळी तारेचं कुंपण होतं. १८७१ साली इंग्रज सरकारनं एक कायदा केला. त्याखाली पुढं पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींवर सरसकट 'गुन्हेगार जमात' असा शिक्का बसला. म्हणजे पाळण्यातलं बाळसुद्धा गुन्हेगार! त्यानं बिचाऱ्यानं चोरायचं तरी काय, दुपटं? मोठ्यांना हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय परगावी जाता येत नसे.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. तेव्हापासून या जमातींना 'विमुक्त' म्हणतात, म्हणजे बंधनातून सुटलेल्या. शब्द बदलून पोट भरतं का, असं कुणी विचारेल. नाही भरत. पण 'चोर' अशी हाक ऐकत शाळेत यायचं, तर पाय जड होतात हो.

आणि पालकहो, घरात पोरं भांडली की "काय कैकाड्यागत भांडायलाय!" असं आपणच ओरडतो. तो शब्द मग दप्तरातून शाळेत येतो. तिथं शेजारच्या बाकावर त्याच जमातीचं पोर बसलेलं असतं.