दुधातील तो खर्च कोणाच्या नावे?

एखाद्या पेढीची खतावणी तपासताना प्रत्येक खर्चाचे खाते सापडावे आणि एक मोठी रक्कम मात्र कोणाच्याच नावे पडलेली नसावी, असे झाले तर अनुभवी मुनीम स्वस्थ बसत नाही. मातेच्या दुधाचे पृथक्करण करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे असाच प्रसंग उभा राहिला होता. पाणी वगळता या दुधात सर्वाधिक वाटा दुग्धशर्करेचा आणि त्याखालोखाल स्निग्धांशाचा. दोन्हींचा उपयोग उघड आहे. अर्भक त्यांवर वाढते. परंतु तिसरा क्रमांक लागतो तो शर्करांच्या गुंतागुंतीच्या साखळ्यांचा, ज्यांना शास्त्रीय भाषेत ओलिगोसॅकराइड म्हणतात. दर लिटर दुधात त्या सुमारे ५ ते १५ ग्रॅम असतात आणि त्यांचे शंभराहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. गाईच्या दुधात त्या अगदीच अल्प. नवल असे की, त्या पचविण्याची साधने अर्भकाच्या शरीरात नाहीत. माता स्वतःचे सत्त्व वेचून जे निर्माण करते, ते बाळाच्या जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ जसेच्या तसे पुढे सरकते. मग हा खर्च कोणासाठी?

उत्तराचा पहिला धागा पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मिळाला. १८९९ च्या सुमारास हेन्री टिसिए या संशोधकाला स्तनपान करणाऱ्या बालकांच्या विष्ठेत दोन फाटे फुटलेले जिवाणू विपुल आढळले. ‘दुभंगलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांना ‘बायफिडस’ हे नाव पडले. त्या काळी वरच्या दुधावर वाढणारी बालके अतिसाराने मोठ्या संख्येने दगावत आणि अंगावर पिणारी त्यामानाने तरत. पुढे १९५० च्या दशकात फिलाडेल्फियाचे पॉल जॉर्जी आणि हायडेलबर्गचे नोबेल विजेते रिचर्ड कून यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले की, या जिवाणूंना वाढविणारा दुधातील घटक म्हणजे त्याच न पचणाऱ्या साखळ्या होत. हिशेब जुळला. तो खर्च बाळाच्या नावे नव्हताच, बाळाच्या आतड्यात वसणाऱ्या अतिथीच्या नावे होता.

या अतिथींपैकी एक विशेष उल्लेखनीय आहे. त्याचे नाव बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी त्याची संपूर्ण जनुकसंहिता प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात दुधातील साखळ्या पकडणे, पेशीत ओढून घेणे आणि तेथे त्यांचे तुकडे करणे यांसाठी लागणाऱ्या जनुकांचा सलग समूहच आढळला. याचे काही भाईबंद साखळ्या पेशीबाहेर तोडतात, त्यामुळे सांडलेले कण शेजारच्या इतर जिवाणूंच्याही मुखी पडतात. इन्फँटिस साखळी अखंड घरात नेतो, दार लावतो आणि मग जेवतो. हा स्वार्थ बाळाच्या मात्र पथ्यावर पडतो, कारण उपद्रवी जिवाणूंना उष्टेही मिळत नाही. शिवाय जेवणानंतर तो जी आम्ले बाहेर टाकतो, त्यांनी आतड्यातील वातावरण आंबट होते आणि अनेक रोगकारक जिवाणूंना तेथे तग धरणे कठीण जाते.

असा चपखल मेळ एका दिवसात बसत नाही. ज्या मातांचे दूध अशा उपकारक जिवाणूंना पोसत होते, त्यांची बालके अधिक संख्येने जगली. ज्या जिवाणूंना ते दूध खाता येत होते, त्यांना पिढ्यानपिढ्या निवारा मिळाला. कोणी कोणाशी करार केला नव्हता. तरीही दूध जिवाणूला अनुरूप होत गेले आणि जिवाणू दुधाला. चिंपांझी, गोरिला यांच्या दुधातही या साखळ्या असतात, परंतु मानवी दुधातील त्यांचे प्रमाण व वैविध्य अधिक आहे. २०१६ मध्ये अँड्र्यू मोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणूस, चिंपांझी, बोनोबो व गोरिला यांच्या आतड्यांतील जिवाणूंच्या वंशावळी ताडून पाहिल्या. बायफिडोबॅक्टेरियमच्या कुळातील काही शाखा आश्रयदात्यांच्या वंशवृक्षाशी जुळल्या. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजापासून जसजशी ही कुळे विभक्त झाली, तसतसे त्यांच्या पोटातील जिवाणूही वेगळे होत गेले. घराण्याची वाटणी झाली की देव्हाराही वेगळा मांडला जातो, तसेच काहीसे.

एवढा जुना हा वारसा मातेकडून बाळाकडे जातो तो मुख्यतः प्रसूतीच्या वेळी आणि नंतरच्या निकट सहवासात. आणि नेमकी हीच वाट अलीकडे अरुंद झाली आहे. १९२६ ते २०१७ या काळातील अभ्यास एकत्र पाहता, स्तनपान करणाऱ्या निरोगी बालकांच्या विष्ठेचा सामू ५ वरून ६.५ पर्यंत चढलेला दिसतो. हा आकडा लहान वाटेल. परंतु सामूच्या मोजणीत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट घट. आम्लता उतरली याचा अर्थ ती निर्माण करणारा अतिथी घर सोडून गेला. अमेरिकेतील बहुसंख्य बालकांत इन्फँटिस आता आढळत नाही. ढाक्याच्या बालकांत तो विपुल आढळला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ज्यांच्यात हे जिवाणू अधिक, त्यांच्यात लसींना मिळणारा प्रतिसादही अधिक चांगला दिसला.

भारतीय घरांनी निश्चिंत राहावे अशी स्थिती नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. शस्त्रक्रियेने असंख्य माता व बालकांचे प्राण वाचविले आहेत आणि प्रतिजैविकांनीही. त्यांविषयी आकस बाळगणे कृतघ्नपणाचे ठरेल, आणि शस्त्रक्रिया झालेल्या सुनेला बोल लावणे तर त्याहून वाईट. पण मुहूर्त साधण्यासाठी ठरविलेली प्रसूती आणि साध्या सर्दीसाठी दुकानातून परस्पर आणलेली प्रतिजैविके यांना तो आधार देता येत नाही. मातेच्याच पोटातून हा जिवाणू नाहीसा झाला, तर ती मुलीला तो देऊ शकत नाही आणि मुलगी नातीला.

दुसरी गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. त्याच सर्वेक्षणानुसार जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेली बालके केवळ ४१.८ टक्के. पहिले पिवळसर चिकाचे दूध जड म्हणून पिळून टाकायचे आणि तोवर गुळाचे पाणी किंवा बाळगुटी चाटवायची, ही रीत अनेक घरांत अद्याप आहे. वास्तविक त्या साखळ्यांचे प्रमाण चिकाच्या दुधातच सर्वाधिक असते. अतिथी येण्याच्या वेळी त्याचे पान काढून घ्यावे आणि परक्यांची पंगत बसवावी, असा हा प्रकार होतो. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध, पाणीसुद्धा नाही, हे शासनाचे व बालरोगतज्ज्ञांचे सांगणे आहे.

कॅलिफोर्नियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्तनपान करणाऱ्या नवजात बालकांना जन्मानंतर आठवडाभराने इन्फँटिस २१ दिवस देण्यात आला. नंतर देणे थांबविले, तरी मातेचे दूध चालू होते तोवर तो त्यांच्या आतड्यात नांदत राहिला. उष्टावण होऊन वरण, भात, भाकरी सुरू झाली आणि दूध सुटले की त्याचे अन्न आटते. मग धान्य व भाज्यांतील तंतूंवर जगणारे दुसरे जिवाणू हळूहळू त्याची जागा घेतात आणि तीन वर्षांच्या सुमारास बाळाचे आतडे मोठ्या माणसासारखे दिसू लागते.