एसओपी पाळणारा हवा की प्रश्न विचारणारा?

रसायनशास्त्राच्या पदवीधराला महाविद्यालयाने नेमके कशासाठी घडवावे, यावर दोन पक्ष आहेत. तारापूर, महाड, लोटे किंवा गोव्यातील वेर्णा येथील कारखानदारांची तक्रार अशी, की बी.एस्सी. झालेल्या मुलाने मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे एचपीएलसी यंत्र केवळ पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेले असते; त्याला सगळे नव्याने शिकवावे लागते. प्राध्यापक त्यावर म्हणतात, की पदवी म्हणजे यंत्र चालवण्याचा परवाना नव्हे. यंत्रे बदलत राहतात, विषयाचा पाया मात्र एकदाच घालता येतो.

कारखान्याची बाजू हलकी मानता येणार नाही. क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, लागलेल्या मुलाला कॉलम, मोबाइल फेज, फ्लो रेट सारे एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, ठरवून दिलेले असते. आलेखावर दोनच पीक अपेक्षित असताना तिसरे उगवले, तर नमुना पुन्हा घालून बॅच ‘पास’ करून टाकायची मुभा त्याला नाही. आधी वरिष्ठांना कळवायचे, मग कारण शोधून ते नोंदवायचे. चुकलेला आकडासुद्धा गिरवायचा नाही. त्यावर एकच रेघ मारून शेजारी सही आणि तारीख घालायची. या कामाला शिस्त लागते, आणि तेच काम रोज त्याच काळजीने करण्याची चिकाटी लागते. शिवाय ज्या घराला मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहावी लागते, त्या घरी ‘पाया’ची महती सांगणे सोपे नाही. नव्या शैक्षणिक धोरणासोबत राज्यातील अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग आले, त्यामागे ही निकड आहेच.

परंतु संशोधनाच्या वाटेवर हीच शिस्त एकटी पुरत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएच.डी. करणाऱ्याचे खरे काम कित्येकदा त्या तिसऱ्या पीकपासूनच सुरू होते. तिथे शंका घेणारा, महिनोन्‌महिने अपयश पचवणारा माणूस लागतो. म्हणून मूलभूत विषयांचे तास कापून यंत्रांचे तास वाढवा, ही सूचना स्वीकारण्याआधी दोनदा विचार व्हावा. अर्थात प्राध्यापकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी: आज आयसीटी म्हणून ओळखली जाणारी मुंबईची संस्था १९३३ साली सुरू झाली, ती वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी यांसारख्या उद्योगाला हव्या असलेल्या विषयांनी. उद्योगाशी नाते जोडल्याने तिथले संशोधन आटले नाही.

उत्पादन विभाग या दोन्ही चौकटींत बसत नाही. रात्रपाळीत रिॲक्टरचे तापमान चढू लागले, तर नव्या केमिस्टला जुन्या ऑपरेटरचे ऐकताही आले पाहिजे आणि वेळ पडल्यास त्याला थांबवताही आले पाहिजे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने २०१६ आणि २०२४ साली स्फोट पाहिले आहेत; त्यांची कारणे काहीही असोत, या कामातली जोखीम किती मोठी आहे ते त्यातून कळते. हे गुण कोणत्याही पेपरात तपासता येत नाहीत. अध्यापन आणि विक्री या वाटांना वेगळेच गुण लागतात.

इतक्या वेगळ्या वाटांसाठी एकच महाविद्यालय तयारी करून देऊ शकत नाही. आमचा कल पायाच्या बाजूने आहे, पण त्या पायात अशी एक गोष्ट हवी जी आज फारशी घातली जात नाही, ती म्हणजे खरी नोंद. बारावीपासून मुले टायट्रेशन करतात. जर्नलमध्ये पायलट रीडिंग येते, खाली तीन रीडिंग येतात आणि सी.बी.आर., म्हणजे ब्युरेटचा स्थिर आकडा, चोख जुळतो. तो पुष्कळदा ब्युरेटमधून कमी आणि शेजारच्या टेबलावरून जास्त आलेला असतो. हे सर्वांना ठाऊक असते, परीक्षकांनाही. उद्योगात याच सवयीला काय किंमत पडते, हे २०१३ साली दिसले. औषधांच्या दर्जाचे उल्लंघन आणि खोटी निवेदने या प्रकरणात रॅनबॅक्सीच्या अमेरिकी शाखेने गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य झाले. संशोधनात हीच सवय शिरली तर निबंध मागे घ्यावा लागतो. एसओपी पाळणारा आणि प्रश्न विचारणारा, दोघांनाही आधी समोरचा आकडा जसा आहे तसा लिहिता यावा लागतो.

यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत, गुणदानाची पद्धत बदलावी लागते. उत्तर १०.२ मिली अपेक्षित असताना १०.६ आले, विद्यार्थ्याने ते तसेच लिहिले आणि अंत्यबिंदू ओलांडला गेल्याचे कारण दिले, तर त्याला गुण मिळावेत. यावर आक्षेप रास्त आहे: मग निष्काळजी हातालाही आसरा मिळेल, आणि मोठी बॅच तपासणाऱ्या परीक्षकाला कारणे वाचायला वेळ कुठला? म्हणून अचूकतेचे गुण वेगळे ठेवावेत, नोंदीचे वेगळे. परीक्षकाचे काम त्याने वाढेल. बॅच लहान करावी लागेल, आणि त्याचा खर्च विद्यापीठांनी उचलावा लागेल.