देवाच्या हातातली बादली, आमच्या डोक्यातले विमान

२०१६ साली इराकचे वाहतूकमंत्री काझिम फिंजान यांनी पत्रकारांसमोर ठणकावून सांगितले, की जगातला पहिला विमानतळ सुमेरी लोकांनी सात हजार वर्षांपूर्वी इराकच्याच भूमीवर बांधला. जग हसले. हसण्याचा अधिकार आम्हाला मात्र नव्हता. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला होता. त्याचा आधार असलेले ‘वैमानिक शास्त्र’ विसाव्या शतकात रचले गेले आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ सालीच दाखवून दिले होते. चाळीस वर्षे उलटली, तरी ते वाचण्याची तसदी घ्यावी असे त्या व्यासपीठावर कोणाला वाटले नाही!

न वाचण्याची ही मस्तवाल सवय हाच या रोगाचा उगम आहे. प्राचीनांचे देव म्हणजे परग्रहवासी, असे सांगत एरिक फॉन डॅनिकेन १९६८ साली बाजारात उतरला, मराठीतही आला आणि खपला. १९७६ साली झकेरिया सिचिन आला. निबिरू नावाच्या ग्रहावरून अनुनाकी हे देव आले, तो ग्रह ३,६०० वर्षांत एक फेरी घेतो, बर्लिनच्या संग्रहालयातल्या एका दंडगोल मुद्रेवर सारी सूर्यमाला कोरली आहे, असे अकलेचे तारे त्याने तोडले. बॅबिलोनच्या ज्योतिषांनी आकाशाच्या नोंदी शतकानुशतके ठेवल्या. त्यांत ग्रह पाचच आहेत, नुसत्या डोळ्यांना दिसतात तेवढेच. पण त्या नोंदींपेक्षा एका मुद्रेवरचे ठिपके यांना प्यारे!

आता इराकमधल्या निमरुद या असिरियन नगरीच्या शिल्पांतले पंखधारी पुरुष पाहा. दुसऱ्या अशुरनासिरपाल राजाच्या राजवाड्यातले, इ.स.पू. नवव्या शतकातले. तिथल्या उत्खननातला माल बसऱ्याहून लंडनला मुंबईमार्गे गेला आणि अशा राजवाड्यांतले काही शिल्पपट आजही आमच्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मोबाइलवर चित्रफिती बघून डोळे विस्फारणाऱ्यांनी एकदा तिकीट काढून तिथे जावे. अशा पुरुषाच्या उजव्या हातात शंकूसारखे काही असते, डाव्या हातात कडीची छोटी बादली. परग्रहवासीयांच्या कथांचा व्यापारी सांगतो, ही ऊर्जेची पेटी. मनगटावर फुलाच्या आकाराचा अलंकार असतो. व्यापारी सांगतो, हे घड्याळ! अहो, तेच फूल दुसऱ्या मनगटावर आहे आणि कपाळपट्टीवरही आहे. कपाळावरचे घड्याळ तो वाचत कसा होता? हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, तो इथे लागला. बादलीचे तर कोडेच उरलेले नाही. अशा मूर्ती मातीच्या कशा घडवाव्यात, त्यांच्या हातांत काय द्यावे, रोगराई आत येऊ नये म्हणून घरात कुठे पुराव्यात, याची मांत्रिकासाठी लिहिलेली विधीची पाटीच सापडली आहे. शंकू आणि बादली ही शुद्धीकरणाची साधने. शिवाय निमरुदच्या राजाने पटापटांवर, थेट या आकृतींच्या अंगावरून, आपला लेख कोरून घेतला आहे. आपल्या पदव्या, जिंकलेले मुलूख, महालाला वापरलेली लाकडे, सगळे त्यात आहे. उड्डाणाचा उल्लेख करायला तो विसरला असेल काय? असा राजा काही विसरत नसतो.

देवांच्या शस्त्रांची गत याहून वाईट. निनुर्ता देवाची गदा शारूर बोलते, शत्रूची बातमी आणते, म्हणून ती म्हणे ड्रोन. ‘लुगल-ए’ हे सुमेरी काव्य यांनी उघडले असते, तर हीच गदा धन्याला युद्धावर जाऊ नको म्हणून विनवते, हेही कळले असते. धन्याच्या काळजीने व्याकूळ होणारा ड्रोन कोणत्या कारखान्यात बनतो? आणि युद्ध संपल्यावर काय होते? निनुर्ता दगडांचा बांध रचतो, डोंगरातले पाणी अडवून तिग्रिसमध्ये सोडतो, शेते भिजतात. मग एकेका दगडाला समोर उभे करून न्यायनिवाडा करतो. बंडखोराला शाप आणि डायोराइटला राजांच्या मूर्तींचा मान. पाण्यासाठी तळमळणाऱ्या, डोंगराचा दगड दुरून आणणाऱ्या सपाट मुलखाचे हे काव्य आहे. आमच्या दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्याला ते एका बैठकीत उमगेल. वाहिनीवरच्या ‘तज्ज्ञा’ला उमगत नाही.

जुन्या बॅबिलोनी काळात सिप्परमध्ये शमाश देवाचे शस्त्र देवळातून चक्क भाड्याने मिळे. शेताचा तंटा, हिशेबाचा वाद असला की ते तिथे नेत. शस्त्रासमोर खोटे बोलायची छाती कोणाची? क्षेपणास्त्र भाड्याने घेऊन बांधाचे भांडण कोणी मिटवले असते का, याचे उत्तर सिचिनपंथीयांनी द्यावे.

आणि याला म्हणे प्राचीनांचा गौरव! ही प्राचीनांच्या घरावरची दरोडेखोरी आहे. येल विद्यापीठात तळहाताएवढी मातीची पाटी आहे, बहुधा एखाद्या विद्यार्थ्याची, साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. चौरस, त्याचे कर्ण आणि दोनाचे वर्गमूळ, दशांशात सहाव्या स्थळाच्या आसपास अचूक. साठाच्या ज्या मोजणीवर आपली मिनिटे-सेकंद चालतात, त्याच मोजणीत ते मांडले आहे. त्या पोराची घोकंपट्टी, त्याच्या गुरुजींची छडी, नोंदी ठेवणाऱ्यांची जागरणे, सगळे काढून घ्यायचे आणि परग्रहावरच्या पाहुण्याच्या पदरात टाकायचे. काळ्यासावळ्या, गव्हाळ माणसांना हे जमलेच नसेल, हा गोऱ्या बाजारपेठेचा जुना अहंकार त्यामागे आहे आणि आमचे स्वाभिमानी वीर त्याच अहंकाराची पालखी वाहतात.

२०१५ मध्ये ‘इसिस’ने निमरुदचा तोच राजवाडा सुरुंगांनी उडवला. त्या शिल्पांवर चर्चासत्रे रंगवणाऱ्या किती वाहिन्यांनी त्या बातमीला एक तास दिला?

शिकागो विद्यापीठाचा अक्कादी, म्हणजे बॅबिलोन-असिरियाच्या भाषेचा, शब्दकोश १९२१ साली सुरू झाला आणि २०११ साली पूर्ण झाला. नव्वद वर्षे माणसे एकेका खुणेशी झुंजली. ऑक्सफर्डने सुमेरी काव्यांचे इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. ज्या मराठी प्रकाशकाला अनुनाकी छापून गल्ला भरायचा आहे, त्याने खुशाल भरावा, पण त्याच पुस्तकाच्या शेवटी ‘लुगल-ए’चा संपूर्ण मराठी अनुवाद जोडावा आणि अनुवादकाला लेखकाइतकेच मानधन द्यावे. आहे कोणाची तयारी?