श्री. कुलभूषण जाधव यांच्या शिक्षेचा फेरविचार आणि दक्षिण आशियासाठी मानवी हक्क न्यायालय यांबाबत निवेदन

प्रति,
मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

लोअर परळमधील खाली सह्या करणारे रहिवासी हे निवेदन सादर करीत आहेत. पाकिस्तानच्या कैदेतील भारतीय नागरिक श्री. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी निकाल दिला, तेव्हा जाधव कुटुंबाच्या येथील जुन्या शेजाऱ्यांनी जल्लोष केला होता. परंतु त्या निकालाने काय दिले आणि काय नाकारले, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढील मागण्यांचा अर्थ लागणार नाही.

पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने श्री. जाधव यांना सुनावलेली फाशीची शिक्षा 10 एप्रिल 2017 रोजी जाहीर झाली. ती रद्द करून सुटका करावी, ही भारताची मागणी हेगला मान्य झाली नाही. परदेशात अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या वकिलातीशी संपर्क साधू देणे, म्हणजेच कॉन्सुलर ॲक्सेस देणे, 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमाने बंधनकारक आहे; त्याचा भंग झाल्याचे पंधरा विरुद्ध एक मतांनी ठरवून न्यायालयाने दोषसिद्धी व शिक्षा या दोहोंच्या परिणामकारक फेरविचाराचा आदेश दिला, मात्र त्याचा मार्ग निवडण्याची मुभा पाकिस्तानकडेच ठेवली. तुलनेसाठी पाहता, स्ट्रासबर्गचे युरोपीय मानवी हक्क न्यायालयही सदस्य देशातील शिक्षा स्वतः रद्द करीत नाही. ते खटला न्याय्य रीतीने चालला की नाही हे तपासते. तथापि तेथे कैदी स्वतः दाद मागू शकतो, तर हेगला केवळ राष्ट्रेच पक्षकार होऊ शकतात. 25 डिसेंबर 2017 च्या इस्लामाबादमधील भेटीत श्री. जाधव यांच्या आईला काचेपलीकडच्या मुलाशी मातृभाषेत बोलू दिले गेले नाही, असे आपल्याच मंत्रालयाने सांगितले. ही तक्रार त्या मातेने स्वतः मांडावी असे न्यायालय दक्षिण आशियात नाही.

पाकिस्तानने 2020 मध्ये अध्यादेश आणि 2021 मध्ये कायदा करून इस्लामाबाद उच्च न्यायालयाकडे फेरविचाराची वाट दाखवली, पण ती अपुरी असल्याचे भारताने वेळोवेळी म्हटले आहे. म्हणून या प्रकरणाची आजची स्थिती शासनाने लेखी आणि मराठीतही जाहीर करावी, आणि आदेशाचे पालन होत नसल्यास संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 94 व्या कलमानुसार प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे न्यावा. तेथील नकाराधिकारामुळे यशाची खात्री नसली, तरी प्रयत्न टाळण्यास ते कारण पुरेसे नाही. कॉन्सुलर ॲक्सेसविषयीच्या 2008 च्या भारत-पाकिस्तान करारात सुरक्षेशी निगडित अटकेबाबत असलेल्या तरतुदीचा आधार पाकिस्तानने हेगला घेतला आणि न्यायालयाने तो फेटाळला. ती संदिग्धता दूर करण्यासाठी करारात दुरुस्ती मागावी, कारण पाकिस्तानी तुरुंगात अडकणाऱ्या पालघरच्या मच्छीमारांनाही याच कराराचा आधार असतो.

शेवटची मागणी सर्वांत अवघड आहे. व्यक्तीला थेट दाद मागता येईल अशा प्रादेशिक न्यायालयाचा प्रस्ताव भारताने दक्षिण आशियाई देशांच्या सार्क संघटनेपुढे ठेवावा, आणि भारतीय न्यायालयांतील खटलेही न्याय्य सुनावणीच्या त्याच कसोटीवर तपासले जातील हे त्याच प्रस्तावात मान्य करावे.

आपले विश्वासू,
लोअर परळमधील रहिवासी