गोल्फ नको, पण चालायला जागा तरी द्या!

मंडळी, गोल्फ म्हटलं की आपल्याकडं लोक हसतात. साहेबलोकांचा खेळ! जुन्नर-आंबेगावात कांदा-टोमॅटोच्या बाजारभावाचं बोला, गोल्फ कसला घेऊन बसलात?

हसा, पण हा खेळ नीट बघा. १८ होलचा पूर्ण डाव गाडीत न बसता खेळला, तर माणूस ८-१० किलोमीटर चालतो. तेही चार तास, मोकळ्या हवेत, दोस्तांशी गप्पा मारत. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेनं २००८ मध्ये तिथल्या ३ लाख गोल्फ खेळणाऱ्यांचा अभ्यास मांडला. त्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या इतर लोकांपेक्षा त्यांचा मृत्युदर ४० टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे साधारण ५ वर्षांचं जास्तीचं आयुष्य. आता मुळात तब्येत बरी असलेलाच खेळायला जातो, हेही त्यात आलं. तरी एवढं चालणं अंगी लागल्याशिवाय कसं राहील?

म्हणजे खरं औषध काठी-चेंडूत नाही, चालण्यात आहे.

आणि आपल्याकडं नेमकं तेच बंद पडलंय. जुन्नर वनविभागात बिबट्या उसात मुक्कामाला आहे. पहाटे अंधारात बाहेर पडायची सोय नाही, संध्याकाळी दिवेलागणीनंतर तर नाहीच. हायवेच्या कडेनं चालावं, तर गाड्यांची भीती. मग शुगर, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला डॉक्टर सांगतात, "रोज चाला." कुठं चालायचं, ते कोण सांगणार?

काहीजण म्हणतील, शेतकऱ्याला कशाला हवं चालणं? अहो, आता बांधापर्यंत मोटरसायकल जाते. खुरपणीला दिवसभर वाकून कंबर मोडते, त्याला व्यायाम म्हणत नाहीत. आणि दुकानदार, शिक्षक, घरातल्या म्हाताऱ्या आयाबाया यांचं काय?

नाशिकला जाऊन बघा. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून 'गोल्फ क्लब'च म्हणतात. गोल्फ गेला, नाव राहिलं, आणि तिथल्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी सगळ्या थरांतली माणसं चालतात. ना मेंबरशिप, ना भारी बूट.

आपल्याला एवढंच पाहिजे. प्रत्येक मोठ्या गावात शाळेचं एक मैदान निवडा. पक्कं कुंपण, चार दिवे, कडेनं मुरमाची पायवाट. शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यावर ते गावाला खुलं ठेवा, संध्याकाळचा एक तास बायकांसाठी राखीव. शासनाची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहेच, प्रस्ताव तेवढा जायला पाहिजे. कमानी आणि पेव्हर ब्लॉकला निधी मिळतो, मग याला का नाही?

येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. आणि तुमच्या गावात असं कुठलं मैदान कुलूप लावून पडलंय, ते खाली नावासकट लिहा. यादी करून संबंधितांपुढं ठेवूया.