सांजच्या प्रार्थनेत आपली माणसं



आज जरा वादाचा विषय घेतोय. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांतल्या रोजच्या प्रार्थनेत आपल्याच माणसांची नावं येत नाहीत, ती यायला हवीत, असं माझं मत आहे. ‘काका, आपण प्रोटेस्टंट की वो, संतांचं काय घेऊन बसलात?’ असं नात्यातल्या एका तरुणानं मला तोंडावर विचारलं. त्याला उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षा इथं सविस्तर लिहितो.

आधी जांबोटीचं सांगतो. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला जाणाऱ्या वाटेवरचं आमचं गाव. पावसाळ्यात दिवस दिवस लाईट नसायची. कंदील लागला की आमच्याकडं ‘उपासना संगीत’ उघडायचं. एक गीत, शास्त्रातला एक उतारा, वडिलांची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वीस मिनिटांत मोकळे! शेजारी मूळ गोव्याचं कॅथलिक घर. त्यांचा तेर्स लांबायचा. गुडघे टेकून रोजारीचे मणी, मग संतांची नावं एकामागून एक, आणि वर घरातल्या गेलेल्या माणसांसाठी वेगळी प्रार्थना, पार पणजोबांपर्यंत. आम्ही जेवून पडवीत आलो तरी त्यांचं चाललेलंच.

पण त्या घरातल्या पोरांना जोसेफ वाझ ठाऊक होता. बाणावलीत 1651 साली जन्मलेला हा गोंयकार पाद्री. श्रीलंकेत डच सत्तेनं कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती, तेव्हा हा भिकाऱ्याच्या वेषात तिथं शिरला आणि 1711 साली कँडीत वारला. पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत म्हणून जाहीर केलं ते 14 जानेवारी 2015 ला. शेजारच्या आजीनं पोपची वाट पाहिली नव्हती. वसईचा गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, हेही त्या पोरांना सांगता यायचं.

आमच्याकडं गीत म्हणायचं ते नारायण वामन टिळकांचं, आणि टिळक कोण ते प्रार्थनेत कुणी काढायचं नाही.

आता मुद्द्यावर येतो. संतांकडं मागणं मागायचं नाही ही आपली शिकवण मला मान्य आहे. पण आठवण काढणं म्हणजे मागणं नव्हे. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय काढून बघा, विश्वासानं चाललेल्या माणसांची नावानिशी यादीच आहे ती! पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक हुतात्म्याच्या मरणाच्या दिवशी त्याच्या थडग्यापाशी जमायचे आणि त्या दिवसाला त्याचा जन्मदिवस म्हणायचे. मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. तुकाराम बीज काय, ज्ञानोबांचा समाधी सोहळा काय, आपण थोरांच्या जाण्याचाच दिवस पाळत आलो.

चर्च ऑफ इंग्लंडच्या कॅलेंडरात 30 एप्रिलला पंडिता रमाबाईंचं नाव आहे. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये 5 एप्रिलला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला. परदेशातली मंडळी त्यांच्यासाठी देवाचे आभार मानतात, आणि आपल्या घरांत त्या शाळेच्या पुस्तकातल्या ‘समाजसुधारक’ म्हणून उरल्यात.

रमाबाई तर आपल्याच बाजूच्या. कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, गंगामूळला 1858 साली जन्म. दुष्काळात आईवडील गेले. पायी देश पालथा घातला, कलकत्त्याच्या पंडितांनी पदवी दिली, 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तिथंही मान डोलावत बसल्या नाहीत, शिकवणीच्या प्रश्नांवर धर्मभगिनींशी, बिशपांशी वाद घातले. मग केडगावला मुक्ती मिशन काढून दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला. आणि म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. टाईप जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. काम संपत आलं आणि 1922 मध्ये बाई गेल्या. या बाईचं नाव वर्षातून एकदा घरात घ्यायला कुठलं तत्त्व आड येतं, मला कुणी सांगावं.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नवऱ्यानं 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी घेतला पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाशी भांडून. ‘स्मृतिचित्रे’ सगळा महाराष्ट्र वाचतो. आपण ते पुस्तक साहित्यवाल्यांना देऊन टाकलं. आणि बाबा पदमनजी? बेळगावात 1831 साली जन्मलेला माणूस. विधवांच्या हालांवर 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिलं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात तिला. बेळगावातल्या आपल्या किती घरांत हे नाव निघतं, ज्यानं त्यानं मोजावं. फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं, म्हणजे मराठीत ख्रिस्ताचं नाव घ्यायला चारशे वर्षं होऊन गेली. एवढं जुनं खातं आपलं!

खात्यावरनं आठवलं. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षं कुणी विचारलं नाही की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पैसा बुडत नाही, पण वारसाला कागद घेऊन खेटे घालावे लागतात. आपल्या या नावांचं तेच झालंय, आणि घाई एवढ्यासाठी की पुढच्या वारसांना मराठी वाचता येईनासं झालंय. आमची नातवंडं बेंगळुरूला. मोबाईलवर इंग्रजी प्रार्थना म्हणतात, त्यात रोज एखाद्या संताची गोष्ट येते. इटलीचा संत, आयर्लंडचा संत. चांगलेच आहेत ते लोक. पण त्यांच्या भाषेत बायबल आणणारी बाई त्यांना ठाऊक नसावी, हे मला पटत नाही.

काहीजण म्हणतील, सरकारी कागद कानडी, शाळा इंग्रजी, मग प्रार्थना तरी मराठीत कशाला ओढायची? अहो, घर एवढंच ठिकाण उरलंय म्हणून!

यात फार काही करायचं नाही. रोजची प्रार्थना आहे तशीच. त्या तारखेला शेवटच्या आमेनच्या आधी दोन वाक्यं, मराठीत: हा माणूस कोण आणि देवा, त्याच्यासाठी तुझे आभार. आमच्याकडं एक दोनशे पानी वही केलीय. 16 जानेवारी वाझ, 24 फेब्रुवारी लक्ष्मीबाई, 5 एप्रिल रमाबाई, 9 मे टिळक. खाली घरातली माणसंही लिहिलीत, शेजारच्या त्या आजीसकट. कॅथलिक असेना का.

वही अजून बरीच कोरी आहे. तुमच्या गावची सुईण, शाळामास्तर, बायबलबाई, कुणी असेल तर खाली नाव आणि दिवस लिहा. दिवस नक्की नसेल तर नुसतं साल चालेल.